उपग्रहांच्या आधारें चालणारें सपाटीचें पातें व आपलीं भातखाचरें

बारवी धरण भरलें म्हणजे वर्तमानपत्रांत एक आंकडा छापून येतो : ७२.६० मीटर. हा आंकडा पाण्याच्या पातळीचा होय. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ह्या धरणाची उंची टप्प्याटप्प्यानें वाढविण्यांत आली, व २०१९ सालच्या पावसाळ्यांत पाणी ह्या नव्या पातळीस चढलें. त्यापायीं मुरबाड तालुक्यांतील तोंडली, काचकोली, मोहघर इत्यादि गांवच्या कित्येक कुटुंबांस आपलीं घरें व खाचरें सोडावीं लागलीं. कोणाची जमीन पाण्याखालीं जाणार व कोणाची कांठावर राहणार, हें ठरविणारी गोष्ट एकच होती. ती म्हणजे नकाशावरील पातळीची रेघ. महसूल खात्यांत कारकुनी करितांना अशा रेघांच्या अलीकडचे व पलीकडचे सात-बारा हाताळण्याचे प्रसंग मला आले आहेत. वीतभर उंचीचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. जमिनीवर तो संबंध शेताचा निकाल लावितो.

हीच गोष्ट लहान प्रमाणांत आपल्या प्रत्येक भातखाचरास लागू आहे. लावणीनंतर भातास दोन-तीन इंच उभें पाणी पुरतें. परंतु खाचराचें एक टोंक दुसऱ्यापेक्षां चार इंच उंच असेल, तर उंच टोंक भिजतें ठेवण्याकरितां सखल टोंकास सहा-सात इंच पाणी कोंडावें लागतें. मग सखल भागांतील रोपें कुजतात, उंच भागांत तण माजतें, आणि घातलेलें खत एका अंगास वाहून जातें. आपले वाडवडील केणीनें माती ओढीत व चिखलणीनंतर पाण्याकडे पाहून फळी फिरवीत. पाणी हेंच त्यांचें पातळीचें यंत्र होतें. आतां बैल थोडे राहिले, आणि हें काम तासावर भाड्यानें येणाऱ्या यंत्रांकडे गेलें आहे. त्यांपैकीं सर्वांत नवें यंत्र म्हणजे ज्याचें पातें उपग्रहांच्या आधारें आपोआप वर-खालीं होतें तें. तें काय करूं शकतें, काय करूं शकत नाहीं, व काम देण्यापूर्वीं शेतकऱ्यानें स्वतः काय ठरविलें पाहिजे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पातें आकाशाकडून पातळी कशी घेतें

ग्रेडर किंवा बुलडोझर ह्या यंत्रांचें मुख्य अंग म्हणजे माती खरवडणारें लांब पोलादी पातें. तें तेलाच्या दाबानें वर-खालीं सरकतें. साध्या यंत्रांत चालक डोळ्याच्या अंदाजानें दांडी हलवितो. नव्या यंत्रांत पात्यावर किंवा यंत्राच्या टपावर उपग्रहांचे संदेश घेणारे ग्राहक बसविलेले असतात. पात्याची धार ह्या क्षणीं कोठें व किती उंचीवर आहे, हें आंतील गणकयंत्र काढतें. त्या जागीं जमीन किती उंच असावी हा आंकडा त्याच्यापाशीं नकाशाच्या रूपानें आधींच भरलेला असतो. दोहोंत जो फरक पडेल तितकें पातें आपोआप खालीं किंवा वर जातें. ही क्रिया एका सेकंदांत अनेक वेळां घडते, व चालकास यंत्र पुढें-मागें नेण्याचें काम तेवढें उरतें. जपानच्या कोमात्सु कंपनीनें कारखान्यांतच ही योजना बसविलेला बुलडोझर २०१३ सालीं विक्रीस आणला. आपल्या देशांत लखनौ-कानपूर द्रुतगति मार्गाच्या बांधकामांत असे ग्रेडर वापरण्यांत आले आहेत.

आतां उपग्रह जागा कशी सांगतात तें पाहूं. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरतात. ही व्यवस्था १९९५ सालीं पूर्ण झाली. रशियाची ग्लोनास, यूरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू व आपल्या देशाची नाविक ह्या अशाच दुसऱ्या व्यवस्था होत. प्रत्येक उपग्रह अत्यंत अचूक घड्याळ वाहतो, आणि आपण कोठें आहों व संदेश कोणत्या क्षणीं सोडला हें सतत कळवीत असतो. संदेश सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर ह्या वेगानें येतो. पोंचण्यास किती वेळ लागला हें कळलें कीं अंतर कळतें. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा निघते, आणि ग्राहकाच्या साध्या घड्याळाची चूक काढण्यास चौथा लागतो. म्हणून एका वेळीं निदान चार उपग्रह दिसले पाहिजेत.

येथें सूक्ष्मता किती लागते हें लक्षांत घ्यावें. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली तर अंतर सुमारें एक फूट चुकतें. शिवाय हवेच्या वरच्या थरांतून येतांना संदेशास किंचित् विलंब लागतो. त्यामुळें नुसता मोबाइल कांहीं मीटरांनीं चुकतो, व तो घेऊन खाचर सपाट करूं पाहणें व्यर्थ आहे. ह्यावर उपाय असा कीं, ज्या खुणेची जागा आधींच पक्की माहीत आहे तिच्यावर दुसरा ग्राहक मांडावयाचा. आपली खरी जागा त्यास ठाऊक असल्यामुळें उपग्रहांचें सांगणें किती चुकतें हें तो काढतो, आणि ती दुरुस्ती रेडिओनें किंवा मोबाइलच्या जाळ्यावरून यंत्रास पाठवितो. दोघेही जवळ असल्यानें दोघांची चूक जवळजवळ सारखीच असते, व ती वजा करितां येते. पक्क्या दगडापासून साखळी धरून हद्द काढण्याचाच हा प्रकार आहे. साखळीची जागा फक्त संदेशानें घेतली आहे.

ही रीत आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. भूमि अभिलेख खात्याचे मोजणीदार हल्लीं रोव्हर नांवाची काठी घेऊन येतात, ती ह्याच तत्त्वावर चालते. तिला दुरुस्ती पुरविण्याकरितां भारतीय सर्वेक्षण खात्यानें देशभर कायमचीं केंद्रें उभारलीं आहेत. महाराष्ट्रांत अशीं ७७ केंद्रें आहेत.

अशा दुरुस्तीनंतर आडव्या अंगाची चूक एक-दोन सेंटिमीटरांवर येते. उंचीची चूक मात्र अधिक, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर राहते. कारण उपग्रह सर्व डोक्यावर असतात. पायाखालीं एकही नसतो. रस्त्याच्या भरावास एवढी चूक चालते. भाताच्या खाचरासही चालते, पण जेमतेम. ह्याहून अधिक झाली तर चालत नाहीं.

उंचीच्या आंकड्यांतील घोटाळा

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. उपग्रहांवरून मूळ उंची निघते ती समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीचा जो एक गुळगुळीत आकार गणितानें कल्पिलेला आहे त्याच्या पृष्ठापासून. आपल्या मुंबई-ठाणें भागांत समुद्रसपाटी त्या कल्पित पृष्ठाच्या साठ मीटरांहून अधिक खालीं आहे. त्यामुळें बारवीच्या ७२.६० मीटर पातळीच्या पाण्यावर ग्राहक नेला व ही दुरुस्ती न करितां वाचला, तर तो बारा मीटरांहूनही कमी उंची दाखवील. दोन्ही आंकडे आपापल्या जागीं खरे आहेत. मोजण्याचा आरंभ मात्र निराळा आहे. एका कागदावर एक आरंभ व दुसऱ्यावर दुसरा धरला तर अनर्थ होईल. शेतकऱ्यानें ह्या घोळांत पडूं नये. आपल्या बांधाजवळ एक न हलणारा दगड रोवावा, त्याच्या माथ्यास शून्य मानावें, आणि सर्व उंच-सखल त्या दगडापासून मोजावयास लावावें.

माझ्या खाचरांची हकीकत

यंत्र अचूक असलें म्हणजे काम चांगलें होईल असें वाटणें साहजिक आहे. मलाही तसेंच वाटत होतें. सहा वर्षांपूर्वीं, नोकरींत असतांनाच, मीं माझीं एकाखालीं एक असलेलीं दोन खाचरें सपाट करविलीं. दोहोंचें क्षेत्र मिळून सुमारें सहा गुंठे. ज्यांचें यंत्र आलें होतें ते म्हणाले, “भाऊसाहेब, मधला बांध काढूं द्या. यंत्रास वळायला जागा होईल, बांधाची जमीन सुटेल, आणि एकच मोठें खाचर होईल.” मला तें पटलें. बांध निघाला, दोन दिवसांत जमीन ताटासारखी झाली. पहिल्या पावसांत पाणी भरून पाहिलें तों चारी कोपऱ्यांत सारखेंच उभें. मी संतुष्ट झालों.

लावणीनंतर महिनाभरानें खरा प्रकार दिसला. खालच्या अर्ध्यांत भात हिरवेंगार, वरच्या अर्ध्यांत पिवळें व खुजें. तेथें पाणी ठरेना, मुरून जाई. कुदळ मारून पाहिली तों चार बोटांखालीं मुरूम लागला. वरच्या खाचराची पिढ्यान्‌पिढ्या शेणखत व राबाची राख खाल्लेली माती सगळी खालच्या अंगास गेली होती. तीन पावसाळे शेणखत, ताग व गिरिपुष्पाचा पाला घालून आतां कोठें तो भाग सांवरूं लागला आहे.

ह्यांत पातळीची चूक मुळींच नव्हती. जमीन सपाट झाली होती. चूक होती ती कोणती पातळी धरावयाची ह्या निर्णयांत, आणि तो निर्णय मीं केला होता. पातें उपग्रहाच्या आधारें चालणारें असतें, तर हीच चूक अधिक सुबकपणें झाली असती. कारण असें यंत्र दिलेल्या नकाशाप्रमाणें कापतें. कापलेल्या मातीखालीं मुरूम आहे कीं काळी जमीन आहे, हें त्यास दिसत नाहीं.

हिशेब कसा करावा

मागाहून मीं माझ्याच उतारावरील शेजाऱ्यांच्या खाचरांच्या पातळ्या घेतल्या. त्यांचा बांध शाबूत होता. साधन म्हणून पाण्यानें भरलेली पारदर्शक नळी व दोन पट्ट्या एवढेंच होतें. नळींतील पाणी दोन्ही टोंकांस सारख्याच उंचीवर राहतें, ह्या एका गोष्टीवर सर्व काम होतें. क्षेत्र ३० मीटर लांब व २० मीटर रुंद, म्हणजे ६०० चौरस मीटर, सुमारें सहा गुंठे. त्याचे दहा-दहा मीटरांचे सहा चौकोन पाडले, व प्रत्येकाच्या मध्याची उंची एका ठरीव खुणेपासून मोजली. आंकडे सोयीकरितां पूर्ण सेंटिमीटरांत देतों.

वरच्या खाचराचे तीन चौकोन : २६, २२, २१.
खालच्या खाचराचे तीन चौकोन : ९, ७, ५.

प्रथम बांध काढून एकच खाचर करावयाचें असें धरूं. सहा आंकड्यांची बेरीज ९०, सरासरी १५. म्हणजे सर्व जमीन १५ वर आणली पाहिजे. वरच्या चौकोनांतून ११, ७ व ६, मिळून २४ सेंटिमीटर कापावे लागतील. खालच्यांत ६, ८ व १०, मिळून २४ भरावे लागतील. प्रत्येक चौकोन १०० चौरस मीटरांचा असल्यामुळें हलवावयाची माती २४ घनमीटर, म्हणजे सुमारें साडेआठ ब्रास झाली. वरच्या कोपऱ्यांत ११ सेंटिमीटर खोल कापणें आलें. तेथें चांगल्या मातीचा थर १५ सेंटिमीटर असेल तर चारच शिल्लक राहतील. माझें नेमकें हेंच झालें होतें.

आतां बांध ठेवून दोन्ही खाचरें निरनिराळीं सपाट करूं. वरच्याची सरासरी २३ येते : एका चौकोनांतून ३ कापावयाचे, दुसऱ्या दोहोंत १ व २ भरावयाचे. खालच्याची सरासरी ७ येते : एकांतून २ कापावयाचे, एक जसाच्या तसा, एकांत २ भरावयाचे. एकूण खोदाई ५ घनमीटर, म्हणजे पावणेदोन ब्रास. आणि सर्वांत खोल काप ३ सेंटिमीटर. तेंच शेत, तीच सपाटी. परंतु माती हलवावी लागते ती सुमारें पंचमांश, आणि वरचा थर जागच्या जागीं राहतो. यंत्राचे तासही त्याच मानानें कमी लागतात.

उतारावर बांध ज्यांनीं घातले त्यांजपाशीं उपग्रह नव्हते, पण हा हिशेब त्यांच्या हातांत होता. बांधाची गुंठ्याचा कांहीं अंश जमीन वांचविण्याकरितां सहा गुंठ्यांची माती उलथीपालथी करणें हा व्यवहार नुकसानीचाच ठरतो. दोन खाचरांतील फरक दोन-तीन इंचांचा असेल व खालीं माती खोल असेल, तर बांध काढण्यास हरकत नाहीं. फरक त्याहून मोठा असेल तर बांध राखावा.

तरीही मोठी खोदाई करणें भागच असेल, तर आधीं वरची माती खरवडून एका बाजूस ढीग करावा, मग खालचा मुरूम कापून सखल भागांत घालावा, व शेवटीं राखलेली माती सर्वत्र पसरावी. ह्यास दुप्पट फेरे पडतात, पण एका उन्हाळ्याचा खर्च वांचवून तीन पावसाळ्यांचें पीक गमावण्यापेक्षां तें परवडतें. नवा भराव पावसानें दबतो. म्हणून ठरविलेली पातळी सरासरीपेक्षां किंचित् खालीं घेण्याची रीत आहे, म्हणजे भरावास थोडी माती अधिक मिळते.

लेसर कीं उपग्रह ?

लेसरच्या यंत्रांत शेताबाहेर तिकाटण्यावर एक दिवा फिरतो. त्याचा किरण एकाच पातळींत चोहोंकडे जातो, व पात्यावरील ग्राहक तो पाहून पातें वर-खालीं करितो. पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेश ह्या भागांत भात-गव्हाच्या शेतांत ही रीत चांगलीच रुळली आहे. थोड्या अंतरांत लेसरची उंची उपग्रहापेक्षां अधिक अचूक असते. मात्र किरण मध्यें अडला कीं काम थांबतें, व एका वेळीं एकच सपाट पृष्ठ साधतें. उपग्रहाचें पातें वांकडेंतिकडें वळण, उतार व मोठें क्षेत्र एकाच नकाशावरून साधतें. तेव्हां रस्ता, मोठें शेततळें, किंवा अनेक एकरांच्या पट्ट्यांतील चर काढावयाचा असेल तेथें उपग्रह योग्य. आपल्या पांच-दहा गुंठ्यांच्या खाचरांस लेसर, किंवा पाण्याची नळी, खुंट्या व जपून काम करणारा चालक, एवढें पुरेसें आहे. उपग्रहाचें यंत्र शेजारीं रस्त्याच्या कामास आलेलें आहे, म्हणून स्वस्तांत मिळतें, एवढ्याच कारणानें तें शेतांत घालूं नये.

काम देतांना पाळावयाचे नियम

(१) काम माघ ते वैशाखांत, जमीन वाळल्यावर करावें. ओल्या मातींत चाकें रुततात, पातळी खोटी लागते व खालचा थर दाबून घट्ट होतो.

(२) यंत्र येण्यापूर्वीं पांच-सहा ठिकाणीं हातभर खड्डे घेऊन चांगल्या मातीचा थर किती जाड आहे तें लिहून ठेवावें. कोणत्याही ठिकाणीं त्या थराच्या निम्म्याहून अधिक कापूं देऊं नये.

(३) पातळ्यांचा कागद आपण स्वतः करावा किंवा आपल्या समक्ष करवावा, व त्यावर ठरलेली पातळी लिहून यंत्रवाल्याची सही घ्यावी.

(४) सकाळीं, दुपारीं व संध्याकाळीं पात्याची धार आपल्या शून्य दगडावर टेकवून आंकडा पाहावा. तीनही वेळां तो सारखा आला पाहिजे. पात्याची धार घासून झिजते, व झीज हिशेबांत न धरल्यास सर्व शेत तितकें चुकतें.

(५) बारवीच्या बाजूस डोंगराच्या कुशींत व दाट झाडांखालीं आकाश थोडें दिसतें, आणि मोबाइलचें जाळेंही तुटतें. दुरुस्ती येणें बंद झालें कीं यंत्राच्या पडद्यावर तशी सूचना येते. अशा वेळीं पातें उचलून थांबण्याची अट आधींच घालावी.

(६) हद्दीचे दगड चुना लावून ठळक करावेत, व त्यांपासून निदान दोन हात यंत्र दूर ठेवावें. दगड उखडला तर पुन्हां मोजणीचा खर्च, आणि भाऊबंदांशीं तंटा.

(७) शेवटचे पैसे देण्यापूर्वीं, पाण्याची सोय असल्यास, दोन इंच पाणी भरून पाहावें. पाणी नसेल तर नळीनें निदान दहा ठिकाणीं पातळी तपासावी. उंच-सखल फरक एका इंचाच्या आंत असावा.

(८) कापलेल्या भागांत पहिल्या वर्षीं शेणखत दुप्पट घालावें व तागासारखें हिरवळीचें पीक गाडावें. माती तपासून घ्यावी. भाताविषयीं सल्ला घेण्यास कर्जतचें संशोधन केंद्र आपणांस जवळ आहे.

शेजारधर्म व कायदा

आपल्याच शेतांतील माती इकडची तिकडे करणें वेगळें, आणि ती गाडींत भरून बाहेर नेणें वेगळें. दुसऱ्या प्रकारास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व गौण खनिजांचे नियम लागू पडतात. परवानगी व स्वामित्वधन ह्यांवांचून तसें केल्यास दंड बसतो. सपाटीच्या निमित्तानें “उरलेली माती आम्ही फुकट घेऊन जातों” असें कोणी म्हटल्यास सावध असावें. दंडाची नोटीस शेताच्या मालकाच्या घरीं येते. आणि मुख्य गोष्ट ही कीं, खोदाई-भरावाचा हिशेब नीट जमला असेल तर माती उरतच नाहीं.

दुसरें पाण्याविषयीं. उल्हास खोऱ्यांत पाणी किती थोड्या उतारावर पसरतें तें २०१९ च्या जुलैमध्यें सर्वांनीं पाहिलें. बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली, व हजाराहून अधिक उतारूंस बाहेर काढावें लागलें. अशा प्रदेशांत आपण आपलें शेत फूटभर उचललें, तर तेवढें पाणी शेजाऱ्याच्या खाचरांत जातें. आजपर्यंत आपलें जादा पाणी ज्या मोरीनें खालच्या खाचरांत उतरत होतें, ती मोरी त्याच पातळीस ठेवावी, व ती बदलणें असल्यास आधीं खालच्या शेतकऱ्याशीं बोलावें. असे तंटे कचेरींत येत, तेव्हां बहुतेकांचें मूळ हातभर रुंदीच्या मोरींत सांपडे.

असो. उपग्रहाच्या आधारें चालणारें पातें हें मोठें उपयुक्त साधन आहे, व पुढें तें स्वस्त होऊन आपल्या गांवांतही येईल. परंतु तें सांगितलेल्या पातळीवर जमीन आणतें, पातळी सांगत नाहीं. कोणत्या जागीं माती किती खोल आहे, पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें ज्यानें वीस पावसाळे तें शेत लाविलें त्यालाच ठाऊक असतें. म्हणून येत्या उन्हाळ्यांत ज्यांस जमीन सपाट करावयाची असेल त्यांनीं यंत्राचा भाव विचारण्यापूर्वीं पाण्याची नळी घेऊन आपल्या खाचराच्या पातळ्या मोजाव्या, सरासरी काढावी, आणि मधला बांध ठेवून व काढून असे दोन्ही हिशेब एका कागदावर मांडून पाहावे. ह्या कामास एक सकाळ पुरते. मीं ती सकाळ वांचविली, आणि तीन वर्षांचें पीक घालविलें.